वळ जाईस्तोवर

गार्गी आणि निनाद,

गेल्या रविवारी फोनवर गार्गीने सांगितलं की शाळेत तिला एक काल्पनिक लोकसमूह तयार करून त्याचा धर्म लिहायचा आहे. देव कोण, सण कोणते, नियम कोणते. तिने नियम वाचूनही दाखवले. पहिलाच होता, 'आमचे लोक कोणावरही हात उगारत नाहीत.' मी 'छान' म्हटलं आणि फोन ठेवला. मग चार दिवस ते 'छान' मला टोचत राहिलं. असा एक धर्म तयार होताना मी प्रत्यक्ष पाहिला आहे, त्याच्या पानांवर अक्षर माझं आहे, आणि ज्यांनी तो तयार करवून घेतला त्यांनी नेमका हाच नियम सगळ्यात आधी खोडायला लावला होता. त्यांचं नाव भदाणे सर. या उन्हाळ्यात ते गेले. तुमची त्यांची गाठ कधी पडली नाही, आता पडणारही नाही, म्हणून लिहून ठेवते. मराठी अडलं तर आईला विचारा. मारामारीचा भाग ती गाळायला बघेल. तिला गाळू देऊ नका.

भदाणे सर मारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत. हीच माझी त्यांच्याशी पहिली ओळख. आम्ही तेव्हा रावेर तालुक्यात होतो. तुमच्या आजोबांची नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावच्या हायस्कुलात मला इंग्रजी शिकवायला मिळालं होतं. पहिल्याच दिवशी व्हरांड्यातून जाताना नववीच्या वर्गात घड्याळ टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकला. नुसता टक्. आतली चाळीस मुलं एकदम श्वास घ्यायची थांबली. मग निरगुडीच्या फोकाचे आवाज आले. मी मोजले नाहीत. मुलगा ओरडत नव्हता, त्याचंच मला जास्त भय वाटलं. तास संपल्यावर सर शिक्षकांच्या खोलीत आले, मनगटावर घड्याळ बांधत माझ्याकडे पाहून म्हणाले, "नव्या बाई का? चहा घ्या. थंड होई राहिना."

उंचेपुरे, काळेसावळे, खांदे पहिलवानाचे. मूळचे साक्रीकडचे. बोलताना प्रमाण भाषा बोलत, पण राग आला की अहिराणी बाहेर पडे. आमच्या गावची बोली वेगळी, त्यामुळे मुलं त्यांच्या 'आहे'ऐवजी येणाऱ्या 'शे'ला हसत, अर्थात ते दूर गेल्यावर. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, न मारताही मुलं शिकतात." ते रागावले नाहीत. म्हणाले, "शिकत असतील. पण मार म्हंजे मनी भाषा शे, बाई. तुमनी इंग्रजी, मनी ही. माले दुसरी येत नही." मी हेडमास्तरांकडे तक्रार केली नाही. त्या काळी सगळेच मारत, असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्यापासून ते लपवत नाही.

धर्माची सुरुवात रक्तानेच झाली. वरून हुकूम आला होता की आठवड्यातून एक तास मुलांना नीतीचे धडे द्यायचे. नववीचा तास भदाणे सरांकडे आला. वर्गात जेमली नावाची मुलगी होती. डोंगरातल्या पाड्यावरून चालत यायची. शाळेतली एकुलती एक पावरा आदिवासी मुलगी. आणि किशोर होता, गावातल्या सगळ्यात मोठ्या केळीवाल्या शेतकऱ्याचा, रामदास आबांचा मुलगा. जेमलीचे वडील आबांच्याच बागेत मजुरीला. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, देव म्हणजे काय? किशोर उठून म्हणाला, "सर, जेमलीचा देव कोंबडी खातो आणि दारू पितो. तो पण देव का?" वर्ग हसला. जेमली उठली, कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि किशोरच्या गालात खुपसलं. आरपार. तोंडातून रक्त आलं. सरांनी घड्याळ काढलं. जेमलीला मारलं, रुमाल गालाला लावलेल्या किशोरलाही मारलं, हसणाऱ्या दोन रांगांनाही मारलं. फोक मोडला तेव्हा थांबले.

पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. हातात दोनशे पानी कोरी वही. "बाई, माझ्या तासाला बसा. लिहून घ्यायचंय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं." मी मागच्या बाकावर बसले. सरांनी मुलांना सांगितलं, "आपापले देव बाहेर ठेवा, चपलांपाशी. तास संपला की घेऊन जा, चोरीला जाणार नाहीत. आता ऐका. सातपुडा म्हणजे सात पुडे, सात घड्या. तुम्ही सगळ्यांनी पहिल्या दोनतीन पाहिल्यात. सातव्या घडीच्या मागं आठवी घडी आहे. तिथं माणसं राहतात. कोणाच्याच आजानं ती पाहिली नाहीत, म्हणून कोणी म्हणायचं नाही की आमची. त्यांना अजून देव नाही. तो आपण करायचा."

मुलांनी भराभर देव केले. वाघ पाठवणारा, वीज पाडणारा, पीक जाळणारा. एका मुलाने हळूच सांगितलं, "त्यांच्या देवाच्या हातात फोक असतो, सर." सरांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "लिहा, बाई." मग विचारलं, "ही माणसं एकमेकांना मारतात का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "नाही, सर! चांगली माणसं आहेत!" मी ते लिहीत होते तोच टेबलावर हात आपटला. "खोडा ते, बाई! खोटं शे! माणूस शे ना तो? मंग मारस. न मारणारी माणसं मला नकोत. त्यांना धर्म कशाला लागतो? मारून झाल्यावर काय करायचं, ते सांगा."

जेमली म्हणाली, "आमच्याकडे बाबा आईला मारतो तेव्हा आजी त्याला हळद वाटायला बसवते. आणि पाणी आणायला लावते. आईच्या अंगावरचा वळ जाईस्तोवर."

सर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लिहा."

तिथून तो धर्म वाढला. सगळं वर्षभर, दर गुरुवारी. तुम्हाला नियम हवे असतील तर हे घ्या. आठव्या घडीच्या लोकांचा देव आभाळात राहत नाही. कोणी कोणाला मारलं की तो वळात येऊन बसतो, आणि वळ जाईपर्यंत तिथंच राहतो. तेवढे दिवस मार खाणारा देऊळ असतो आणि मारणारा पुजारी. पुजाऱ्याने त्या घरी रोज सकाळी पाणी भरायचं. माफी मागायची नाही. माफीवर मुलांनी खूप वाद घातला, पण सर हटले नाहीत. "माफी तोंडानं मागतात, मारतात हातानं. हातानं केलं ते हातानंच निस्तरायचं. तोंडाचा काय संबंध?" एकाने विचारलं, श्रीमंताने मारलं आणि गड्याला पाणी भरायला पाठवलं तर? नियम आला, ज्या हाताने मारलं त्याच हाताने भरायचं. किशोरने विचारलं, "वळ गेला हे ठरवणार कोण?" ज्याच्या अंगावर आहे तो. "आणि तो लबाड असला, गेलेला असूनही आहे म्हणाला तर?" सर हसले. मी त्यांना हसताना दोनतीनदाच पाहिलं. "म्हणूदे. लबाडाच्या घरी पाणी भरणं हीसुद्धा शिक्षाच."

हे सगळं वहीत ठीक चाललं होतं. वहीबाहेर सर तसेच होते. घड्याळ निघतच होतं.

कापणीच्या दिवसांत जेमली आठ दिवस शाळेत आली नाही. नवव्या दिवशी आली तेव्हा सरांनी तिला पुढे बोलावलं. तळहातावर सहा, पोटरीवर चार. मी शेजारच्या वर्गात होते, तिथे ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी वही उघडून बसले होते. सर बोलायला लागणार इतक्यात जेमली उभी राहिली, दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाली, "सर, वळ आहे."

सरांचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. मला वाटलं, आता ही पोर मरते. त्यांनी पट्टा थोडा सैल केला, पुन्हा आवळला आणि वर्गाबाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने पाहिलं. हायस्कूलचे मास्तर खांद्यावर कावड घेऊन हापशावर उभे. दोन्ही डबे भरले आणि पाड्याची चढण चढायला लागले. दोन मैल. हापशावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "काय सर, सरकारनं नवी नोकरी दिली का?" सर म्हणाले, "दिली ना. पगार नाही हिला." जेमलीचे वडील मास्तरांना पाहून घाबरून झोपडीच्या मागे गेले. त्यांना वाटलं, पोरीने काहीतरी भयंकर केलं आहे.

पाचव्या दिवशी मी जेमलीचे हात पाहिले. स्वच्छ होते. सरांनी वर्गात विचारलं, "आहे का?" ती म्हणाली, "आहे." सहाव्या दिवशी आहे. दहाव्या दिवशीही आहे. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जेमली, खोटं का बोलतेस?" ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, पाणी दोन मैलांवर आहे. आईला पाठीचं दुखणं आहे." अकराव्या दिवशी तिने 'गेला' म्हणून सांगितलं. सरांना सगळं कळत होतं. मला म्हणाले, "तिची आई पहिल्यांदाच अकरा दिवस निजली असेल उन्हं येईपर्यंत."

त्या दिवसानंतर त्यांनी मारणं सोडलं असं मला लिहायला आवडलं असतं. सोडलं नाही. कमी झालं. पण मारलं की दुसऱ्या दिवशी कावड दिसे. आणि मुलांनीही ते उचललं. भांडणं होत, नाकं फुटत, मग एखादा मुलगा कळशी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राही. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, हे काय नाटक आहे?" मी म्हटलं, "नीतीचा तास आहे, सर." माझ्याही आवाजात तेव्हा जरा अभिमान होता.

मग किशोरने जेमलीला मारलं. कारण अगदी क्षुल्लक. फळ्यावर त्याचं गणित चुकलं आणि ती हसली. त्याने पितळी कंपासपेटी तिच्या तोंडावर फेकून मारली. भुवई फुटली, हाड दिसलं. वर्गच म्हणाला, "किशोर, पाणी." आणि किशोर गेला. आपल्याच मजुराच्या झोपडीवर, डोक्यावर हंडा घेऊन, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी कोणीतरी रामदास आबांना सांगितलं. सांगणाऱ्याने आणखी एक भर घातली, की मास्तर पोरांना बाटवतोय, डोंगरापल्याडच्या कुठल्या तरी धर्मात नेतोय, आणि इंग्रजीवाली बाई त्यांची नावं वहीत चढवते.

चौथ्या दिवशी प्रार्थना संपून मुलं रांगेत होती. आबा आले. मागे आठनऊ माणसं, हातात केळीच्या झाडाला टेकू देतात ते बांबू. आबांच्या हातात फक्त त्यांची चप्पल होती.

"मास्तर, कोन्ता धर्म शिकवू राह्यला रे तू पोरायले?"

"आबा, तुमच्या पोरानं एका पोरीची भुवई फोडली. आधी ते विचारा."

"माह्या पोराच्या डोक्यावर हंडा? माह्याच मजुराच्या दारात?" आणि चप्पल सरांच्या तोंडावर बसली. एकदा. दुसऱ्यांदा.

सरांनी घड्याळ काढलं. ते माझ्या हातात दिलं. सगळ्या मुलांनी ते पाहिलं. मग त्यांनी आबांच्या जबड्यावर एकच ठोसा मारला. लाकूड फुटावं तसा आवाज आला. आबा बसले, आणि त्यांच्या तोंडातून दात मातीत पडलेले मी पाहिले.

पुढचं मी पंधरा वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. बांबू सुरू झाले. पहिला खांद्यावर, दुसरा कोपरावर. कोपर उलट्या दिशेला वाकलं. सर खाली पडले तरी ते मारत होते, खळ्यात कणसं झोडपावीत तसे, आळीपाळीने, एकमेकांना न लागता. एक बांबू चिरला आणि त्याची चीर डोळ्यात गेली. हेडमास्तरांनी कार्यालयाचं दार आतून लावून घेतलं. मी घड्याळ हातात घेऊन उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले ठाऊक आहे? "स्टॉप इट! स्टॉप इट!" त्या अंगणात ते दोन शब्द कोणासाठी होते, मला अजून कळलेलं नाही. जेमली धावत गेली आणि सरांच्या अंगावर पालथी पडली. दोन बांबू तिच्या पाठीवर बसले. तेव्हा किशोर रडत वडिलांच्या पायांना मिठी मारून बसला. आबांनी रक्ताळल्या तोंडाने हात वर केला, आणि माणसं थांबली.

जळगावच्या दवाखान्यात डावा डोळा काढावा लागला. उजवा हात पुढे कधी सरळ झाला नाही. पोलिसांचा हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेशी होते. सरांनी सगळं क्रमाने सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मीसुद्धा एक मारला. त्याचे दात पडले. लिहा."

हवालदार भला होता. म्हणाला, "सर, तुमचं कशाला लिहू? केस वाकडी होईल."

"माझा हात वाकडा झाला, केस झाली तर काय? लिहा."

दीड महिन्याने ते गावी परतले. एका डोळ्यावर पट्टी, उजवा हात गळ्यात. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या हातात कळशी घेऊन ते रामदास आबांच्या फाटकाशी उभे राहिले.

मी धावत गेले. "सर, वेड लागलंय का तुम्हाला? तुमचा डोळा घेतला त्यांनी. त्याच्यापुढे दोन दात काय?"

"आबाचा धर्म येगळा शे, बाई. त्याला मी काय सांगू? आठव्या घडीतला इथं मी एकटाच आहे. माझ्या हातानं त्याचे दात पडलेत."

"पण तुम्ही उजव्या हाताने मारलंत. आणि हा डावा."

"उजवा त्यांनी ठेवला नाही. देव एवढं समजून घेईल."

पहिल्या दिवशी आबांनी कुत्रा सोडला. दुसऱ्या दिवशी स्वतः बाहेर येऊन लाथेने कळशी उडवली. पाणी सरांच्या पायांवर सांडलं. मी रस्त्याच्या पलीकडून पाहत होते. सरांच्या डाव्या हाताची मूठ वळली होती. आबा निःशस्त्र, एकटे, हातभर अंतरावर. मला खात्री होती की आता खून पडतो. सर वाकले, कळशी उचलली आणि पुन्हा हापशाकडे चालू लागले.

त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले होते. तुमच्या आजोबांनी सरळ विचारलं, "सर, ह्याने तुम्हाला शांती मिळते का?"

"कसली शांती, साहेब?" ते म्हणाले. "रोज त्या फाटकाशी मी त्याला मनात मारून टाकतो. गळा दाबतो, कुऱ्हाडीनं तोडतो. सगळं करतो. हातात कळशी असते म्हणून हात तिकडे जात नाही. एवढंच आहे हे. ह्यापेक्षा मोठं काही सांगू नका कोणाला."

तिसऱ्या दिवसापासून आबांच्या बायकोने, अक्कांनी, फाटक उघडलं आणि गुरांच्या हौदाकडे बोट दाखवलं. एकोणीस दिवस सरांनी त्या हौदात एकेक कळशी ओतली. त्या घरात मोटर होती, टाकी होती, नळ होते. विसाव्या दिवशी आबा ओसरीवरूनच म्हणाले, "गेला रे बाबा तुझा वळ! आता तोंड दाखवू नको." सर कळशी पालथी करून परतले. आबा त्यांच्या दारात कधीच आले नाहीत. एकदा किशोर आला होता, हंडा घेऊन. सरांनी त्याला पाणी प्यायला दिलं आणि म्हणाले, "तू नाही रे, पोरा. ज्याचा हात त्यानं. घरी जा, अभ्यास कर."

खटला पुढे ढेपाळला. साक्षीदार एकेक करून विसरले. हेडमास्तरांनी सांगितलं की ते आत कागदपत्रं पाहत होते. माझी साक्ष व्हायची होती, पण आजोबांची धुळ्याला बदली झाली, आणि दोन तारखांना मी गेले नाही. तिसऱ्या वेळी कोणी बोलावलं नाही. जेमली दहावी झाली आणि नर्सिंगला गेली, एवढं कळलं. सरांची बदली त्यांच्या साक्री तालुक्यात झाली. वही माझ्याकडेच राहिली.

एकोणीसशे नव्वद उलटल्यावर एकदा पिंपळनेरला एका लग्नाला गेले होते. परतताना सरांचं गाव विचारत पोहोचले. कोणी म्हणालं, "ते सकाळचे हिरामणकडे असतात." मला तेव्हाच कळलं की त्यांना धाकटा भाऊ आहे. सर अंगणात होते, डाव्या हातात बादली. ओट्यावर एक वाळका माणूस बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापाशी आतल्या बाजूला दुमडलेला, बोटं कोंबडीच्या पायासारखी. मला खुर्ची द्यायच्या आधीच तो सुरू झाला.

"या बाई, देखा! बठ्ठा गावले नळ उना, तरी हाऊ पानी लई येस! बोकांडी बसेल शे मना!"

सर म्हणाले, "तू गप रे."

"गप कसाले? बाईले सांग ना, हात कोन्ही मोडा ते!"

सरांनी सांगितलं. पंचवीस वर्षांचे असताना, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून. हिरामणने बांध फोडला म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याने. हिरामण हात जोडत होता, त्या जोडलेल्या हातांवर. "एकदा नाही, बाई. तो पडल्यावरही."

मी वर्षानुवर्षं समजत होते की त्या धर्माचं मूळ जेमलीच्या आजीत आहे. होतंच. पण त्या गुरुवारी सर खिडकीकडे तोंड करून का उभे राहिले, ते मला त्या अंगणात समजलं.

परतताना बसथांब्यापर्यंत सर सोबत आले. मी विचारलं, "आणि घरी? वहिनी?" त्यांची बायको मुलांना घेऊन फार वर्षांपूर्वी माहेरी निघून गेली होती, एवढं मी ऐकून होते.

"तिच्या दारातही गेलो होतो. हंडा घेऊन. दार लायं तिनी. बरोबर कयं. वही आहे का अजून?" आहे म्हटलं. "मग एक नियम राहिलाय, तो लिहा. ज्याच्या अंगावर वळ आहे त्याला दार लावायचा हक्क आहे. आणि दार लागलं तर पुजाऱ्यानं परत जायचं. उंबऱ्यावर रडत बसायचं नाही." घरी आल्यावर मी तो लिहिला. तेहतिसावं पान.

बस सुटायच्या आधी हिरामण मागून आला. सर पलीकडे पान घ्यायला गेले होते. हिरामण खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, हात दुखत नही आते. कधीच नही. पण वळ गया म्हनी सांगं तं हाऊ येवाव नही. मंग दोन म्हातारा एकमेकना तोंड कसाले देखतीन? म्हनीसन सांगत नही मी." आणि लगेच सरांकडे बघून ओरडला, "ए नाना! बाईले पान दी का नही?"

मे महिन्यात हिरामणने कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. सर सकाळी बादली भरत असतानाच गेले. पत्रात आणखी काही नव्हतं.

गार्गी, तुझ्या लोकांचा पहिला नियम खोडून टाक. त्यांना मारू दे, आणि मग पुढे काय करायचं ते लिही. तुझ्या बाईंना आवडणार नाही कदाचित. निनादला दाखव. त्याचे प्रश्न किशोरसारखे असतात, ते उपयोगी पडतील.

काय काय उरलं आहे, ते नीट सांगते. रावेरच्या त्या गावात आठव्या घडीचं नाव आता कोणी घेत नाही. पाड्यावर हापसा झाला आहे. जेमली चोपड्याकडे एका सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. वही माझ्या कपाटात आहे, तेहतीस पानं लिहिलेली, बाकीची कोरी. हिरामण जिवंत आहे, आणि त्याचा हात अजून वाकडा आहे.

तुमची,
आजी